जुनं सेको घेताना मागचं झाकण आधी वाचा

जुन्या मेकॅनिकल सेको घड्याळाचा डायल चकचकीत दिसला की भाव वाढवून सांगतात. घड्याळ कोणत्या साली बनलं आणि त्याचे भाग मूळचे एकत्र आहेत का, हे न उघडता बरंच कळतं. भिंग आणि टॉर्च एवढंच लागतं.

1. मागच्या झाकणावर 6139-6002 असा आकडा शोधा. पहिले चार अंक मशीनचे, पुढचे चार केसचे.

2. त्याच झाकणावरच्या सीरियल नंबरचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा अंक, दुसरा म्हणजे महिना. 1 ते 9 सरळ. ऑक्टोबरला 0 किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. दशक मशीनवरून ठरवायचं. 6139 हे 1969 ते 1979 या काळातलं, म्हणून 51 ने सुरू होणारा नंबर म्हणजे जानेवारी 1975. (9 आला तर घोळ: 1969 की 1979?)

3. डायलवर 6 च्या खाली, अगदी कडेला बारीक कोड असतो. त्याचे पहिले चार अंक झाकणाशी जुळायलाच हवेत. पुढचे चार वेगळे असू शकतात, त्याने बिचकू नका.

कोडच नसेल, अक्षरं फुगीर किंवा तिरकी असतील, रंग भडक असेल, तर डायल पुन्हा रंगवलेला समजा. परदेशी संग्राहक अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात! रोज वापरायला चालेल, संग्रहाच्या भावात नाही.

झाकण बदलणं मात्र सोपं असतं. मोठी रक्कम मोजण्याआधी घड्याळजीकडून उघडून मशीनवरचा नंबरही पाहून घ्या.