चित्र स्टुडिओबाहेर जाण्यापूर्वी

समूहप्रदर्शनासाठी नवी नावे शोधणारा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनातील कामे निवडून मांडणारा जाणकार, बहुतेक वेळा आधी आपल्या ओळखीच्या कलाकारांनाच विचारतो आणि गॅलरीचालकही तेच करतात. म्हणून कलाकाराने सर्वांत आधी जोडायची माणसे म्हणजे आपल्या बरोबरीचे कलाकार. त्यांच्या प्रदर्शनांना जावे, काम निवांत पाहून त्यावर बोलावे आणि आपले अर्धवट कामही त्यांना दाखवावे. १९८८ साली गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात शिकत असताना ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टने लंडनच्या गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत सोबतच्या विद्यार्थ्यांना घेऊन ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन भरवले. त्यांनी कोणत्याही गॅलरीच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही. जागा मिळवण्यापासून प्रायोजक गाठण्यापर्यंत आणि कॅटलॉग छापण्यापासून जाणकारांना तिथवर आणण्यापर्यंत सगळी कामे विद्यार्थ्यांनीच अंगावर घेतली.

पाहणारे येऊ लागले की नोंदी लागतात, आणि त्या काम पूर्ण झाले त्याच दिवशी कराव्यात. क्रमांक, शीर्षक, वर्ष, माध्यम, माप, किंमत आणि सध्या काम कुठे आहे, एवढ्या गोष्टी नोंदीत हव्यात. माप लिहिताना आधी उंची आणि मग रुंदी लिहितात; ‘२०२४-०१७, कॅनव्हासवर ॲक्रिलिक, ९० × १२० सेंमी’ असे वाचताच पाहणाऱ्याला ते चित्र आडवे आहे हे कळते. हे आकडे उलटे पडले, तर भिंतीची आखणी चुकते. छायाचित्र काच व चौकट चढवण्यापूर्वीच घ्यावे. दोन्ही बाजूंनी सुमारे ४५ अंशांतून सारखा प्रकाश द्यावा आणि कॅमेरा चित्राच्या अगदी मध्यासमोर धरावा. छापचित्रे किंवा छायाचित्रे असतील, तर एकूण किती प्रती काढायच्या हे आधीच ठरवावे आणि मागणी वाढली तरी तो आकडा कधीही वाढवू नये, कारण आधीच्या ग्राहकाने त्या आकड्यावर विश्वास ठेवूनच पैसे दिलेले असतात.

कामाविषयीचे निवेदन एका पानापेक्षा मोठे नसावे. आपण काय करतो, कशाने करतो आणि कोणत्या प्रश्नामागे आहोत, एवढे त्यात साध्या भाषेत यावे. ‘अस्तित्वाचा शोध’ यांसारखे शब्द कोणाच्याही कामाला चिकटवता येतात, म्हणून ते टाळावेत.

किंमत ठरवताना अनेक चित्रकार उंची आणि रुंदी यांच्या बेरजेला ठरावीक दराने गुणतात. क्षेत्रफळ धरले, तर उंची आणि रुंदी दोन्ही दुप्पट असलेल्या चित्राची किंमत चौपट होते आणि मोठी चित्रे विकली जाणे कठीण होते. बेरीज धरली, तर ती दुपटीवरच थांबते. दर हळूहळू वाढवावा, कारण एकदा वाढवलेला दर खाली आणला की आधीच्या संग्राहकांना आपण फसलो असे वाटते. तसेच गॅलरीत एक किंमत आणि स्टुडिओत त्याहून कमी, असे कधीही करू नये. ही बातमी लपत नाही आणि गॅलरीचा विश्वास एकदा गेला की परत मिळत नाही.

गॅलरी बहुधा विक्रीच्या निम्मी रक्कम स्वतःकडे ठेवते. हा वाटा मला अन्यायाचा वाटत नाही. जागा, प्रकाशयोजना, प्रसिद्धी आणि संग्राहकांशी वर्षानुवर्षे जपलेले संबंध यांचा तो मोबदला असतो. मात्र लेखी करार असलाच पाहिजे. काम विकले जाऊन पूर्ण पैसे मिळेपर्यंत मालकी कलाकाराचीच राहील, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील, वाहतुकीत किंवा गॅलरीत नुकसान झाल्यास भरपाई कोण देईल आणि चौकटीचा खर्च आधी वजा होईल का, हे सर्व त्यात स्पष्ट असावे. सवलतीचे कलम तर विशेष काळजीने वाचावे. १००० च्या चित्रावर ग्राहकाला १० टक्के सवलत दिली आणि ती दोघांनी वाटून घेतली, तर कलाकाराच्या हाती ४५० येतात. ती फक्त गॅलरीच्या वाट्यातून दिली, तर ५०० येतात. माझे एक चित्र प्रदर्शनाहून कोपरा चेपून परत आले, तेव्हा ते धाडताना कसे होते याचा कागदही माझ्याजवळ नव्हता आणि छायाचित्रही नव्हते, त्यामुळे मला गप्प बसावे लागले. तेव्हापासून मी प्रत्येक काम बांधण्यापूर्वी चारही कोपऱ्यांची आणि मागच्या बाजूची छायाचित्रे काढतो आणि पोचपावतीवर सही घेतल्याशिवाय ते कोणाच्या हाती देत नाही.

प्रदर्शन भरवण्यासाठी कलाकाराकडूनच मोठी रक्कम घेणाऱ्या गॅलऱ्यांपासून जपून राहावे. पैसे आधीच मिळालेल्या गॅलरीला विक्रीची निकड उरत नाही.

विक्रीवर घर चालेपर्यंत अनेक वर्षे जाऊ शकतात, म्हणून शिकवणे किंवा दुसरी नोकरी करण्यात कमीपणा मानू नये. सकाळचे ठरलेले दोन तास स्टुडिओसाठी राखता येतील अशी नोकरी निवडणे अधिक महत्त्वाचे आहे. चित्रकार कार्मेन हेरेरा यांचे पहिले चित्र २००४ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८९ व्या वर्षी विकले गेले. तोपर्यंतची कित्येक दशके त्या रंगवत राहिल्या होत्या आणि म्हणूनच मागणी आली तेव्हा दाखवायला भरपूर काम तयार होते.

पुनर्विक्रीचाही विचार पहिल्या विक्रीच्या वेळीच करावा. चित्र पुढे कितीही पटींनी महाग विकले गेले, तरी कायद्याचा किंवा कराराचा आधार नसेल, तर कलाकाराला त्यातले काही मिळत नाही. फ्रान्सने १९२० मध्ये पुनर्विक्रीत कलाकाराचा वाटा कायद्याने मान्य केला. युरोपीय संघात आज हा वाटा ४ टक्क्यांपासून सुरू होऊन किंमत वाढेल तसा घटत जातो आणि एका विक्रीमागे १२,५०० युरोंपेक्षा जास्त मिळत नाही. १९७१ मध्ये प्रदर्शनांचे आयोजक सेथ सीगलॉब आणि वकील रॉबर्ट प्रोजान्स्की यांनी तयार केलेल्या कराराच्या नमुन्यात तर किमतीत झालेल्या वाढीच्या १५ टक्के रक्कम कलाकाराला देण्याची अट होती. आपल्या देशात काय तरतूद आहे ते तपासावे आणि विकत घेणाऱ्याचे नाव व पत्ता गॅलरीने कळवावा, ही अट करारात घालून घ्यावी. पुष्कळ गॅलऱ्या ही माहिती देण्यास कां-कूं करतात, परंतु काम कोणाकडे गेले हेच ठाऊक नसेल, तर पुढच्या मोठ्या प्रदर्शनासाठी ते उसने मागायचे झाले तरी कोणाचे दार ठोठवायचे, हे कलाकाराला कळणार नाही.