संच बंद होणार म्हणतात: वीज केंद्रातल्या मित्रांनी नोकरीचा निर्णय एकत्र बसून कसा घ्यावा

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, एकलहरे. कोळशावर चालणाऱ्या या औष्णिक केंद्रांच्या कॉलन्यांत वीजनिर्मितीचे संच बंद होणार अशी बोलणी आहेत, त्यामुळे ‘नोकरीत राहायचं की निघायचं’ हा विषय रोजचा झाला आहे. टपरीवर तो निघाला की अफवांवर संपतो. तीन-चार मित्रांनी कागद पुढे ठेवून तीच चर्चा केली, तर प्रत्येकाला आपला निर्णय तारखेसह ठरवता येतो.

कोणी बसायचं

तिघे ते पाच जण पुरेत. शक्यतो वेगवेगळ्या विभागांतले निवडा: एक ऑपरेशनचा, एक इलेक्ट्रिकलचा, एक बॉयलर देखभालीचा, जमलं तर एक कंत्राटी कामगार. कंत्राटदार बदलला की काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. साहेब आणि त्याच्या हाताखालचा माणूस एकाच बैठकीत नको, कारण हाताखालचा खरा आकडा सांगत नाही. दोघांनी एकाच जागेसाठी अर्ज केला असेल तर ते सुरुवातीलाच सांगून टाका.

येताना प्रत्येकाने शेवटचं पगारपत्रक, पीएफचं पासबुक, कर्जाच्या हप्त्यांची यादी आणि अनुभवाची कागदपत्रं आणावीत. प्रत्येकाला अर्धा तास द्या. त्यातली पहिली पंधरा मिनिटं बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला लवकर सुरू झाला की माणूस आपली अडचण सांगायची सोडून निर्णयाचं समर्थन करू लागतो. बैठकीतलं काहीही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही.

आधी संच पाहा

‘कोळशाचं भविष्य काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा. तुमचा संच किती वर्षं चालेल, एवढंच शोधा.

संचाचं वय आणि आकार सगळेच पाहतात, पण तेवढ्यावर भागत नाही. परळीचे २५० मेगावॅटचे संच तसे नवे होते, तरी पाण्याअभावी ते केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं. दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये थांबला. तिथे यंत्र जुनं नव्हतं, वीज महाग पडते म्हणून ती विकत घेणारं राज्य वीज मंडळच मागे हटलं होतं. म्हणून पाणी, इंधनाचा खर्च आणि वीज खरेदी करार या तीन गोष्टी तपासा.

खर्चासाठी राज्य भार प्रेषण केंद्र दर महिन्याला मेरिट ऑर्डरची यादी काढतं. युनिटमागचा बदलता खर्च कमी असलेला संच आधी चालतो, जास्त असलेला आधी थांबवला जातो. गेल्या बारा महिन्यांच्या याद्या घ्या आणि आपला संच वर सरकतो आहे की खाली ते पाहा. कोळसा खाणींजवळचं चंद्रपूर आणि दुरून रेल्वेने कोळसा आणणारं एकलहरे किंवा परळी यांच्या खर्चात फरक राहणारच. संच वारंवार आरएसडीवर (रिझर्व्ह शटडाउन, म्हणजे मागणी नाही म्हणून चालू स्थितीतला संच थांबवून ठेवणं) जात असेल, तर ती सर्वांत आधी मिळणारी सूचना समजा.

उलट बाजूही बघा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ च्या सुरुवातीला २०३० पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका असं वीज कंपन्यांना कळवलं होतं. त्याच वर्षीच्या नियमांनुसार संचांना ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत भार उतरवता यायला हवा. दिवसा सौर वीज आली की भार खाली आणि संध्याकाळी भराभर वर, असं रोज चाललं की बॉयलरच्या नळ्या तापून-निवून थकतात आणि गळती वाढते. म्हणजे आयबीआर (भारतीय बॉयलर नियमावली) प्रमाणपत्र असलेला उच्च दाबाचा वेल्डर, नळ्यांची जाडी मोजणारा, कमी भारावर ज्योत स्थिर ठेवू शकणारा नियंत्रण कक्षातला डेस्क इंजिनिअर यांना मागणी राहणार आहे. अशा माणसाने घाबरून स्वस्तात दुसरीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच सरकारी नियमावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. गंधक वायू काढणारी एफजीडी यंत्रणा सगळीकडे बसणार, या हिशेबाने अनेकांनी तयारी केली होती. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली.

मग पैसा

महिन्याचा खर्च काढताना ओव्हरटाइम आणि रात्रपाळीचा भत्ता धरू नका. क्वार्टरमध्ये राहत असाल तर बाहेरचं भाडं, वीज, पाणी, मुलांच्या शाळेची बस हे खर्चात आजच मिळवा. नोकरीसोबत घरही जातं, हे हिशेबात विसरलं जातं. शिल्लक भागिले हा नवा खर्च, म्हणजे किती महिने तग धरता येईल. उत्तर सहापेक्षा कमी आलं तर नवी ऑफर हातात येईपर्यंत राजीनाम्याचा विषय नको.

ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. ५२,००० रुपये पगार आणि ११ वर्षं ७ महिने सेवा असेल, तर सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरून १२ वर्षं होतात आणि रक्कम ३,६०,००० येते. कायम कर्मचाऱ्याची पाच वर्षं पूर्ण होत आली असतील तर तारीख नीट पाहूनच निघा.

कंत्राटी कामगाराने पासबुकात प्रत्येक कंत्राटदाराची नोंद तपासावी. कंत्राट बदललं की नवा यूएएन (पीएफचा खाते क्रमांक) काढला जातो, जुन्या खात्यात सोडल्याची तारीख भरलेली नसते आणि रक्कम पुढे सरकत नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ही तारीख ऑनलाइन स्वतःला भरता येते. दहा वर्षं भरायच्या आत पेन्शनची रक्कम काढून घेऊ नका, योजना प्रमाणपत्र घ्या. त्यामुळे आधीची सेवा पुढच्या सेवेत जोडली जाते.

कंपनीचा गट आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

हातातलं काम कुठे चालेल

सौर प्रकल्पात बॉयलर नाही, टर्बाइन नाही, आणि चालवायला माणसंही फार थोडी लागतात. तिकडे सरळ जाऊ शकतो तो इलेक्ट्रिकलवाला: ३३ केव्ही स्विचगिअर, ट्रान्सफॉर्मर, रिले टेस्टिंग, परमिट पद्धत (कामाआधी लेखी परवानगी घेणं) हे सगळं तिथेही तेच आहे. कंट्रोल अँड इन्स्ट्रुमेंटेशनच्या माणसाला औषध कारखाने, रिफायनरी आणि ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटरं मोकळी आहेत. कोळसा हाताळणीतल्या माणसाचे कन्व्हेअर आणि क्रशर सिमेंट कारखान्यात, खाणीत, बंदरात चालतात. केमिस्टला पाणी शुद्धीकरणाचं काम कोणत्याही मोठ्या उद्योगात मिळतं.

बॉयलर-टर्बाइन ऑपरेशनवाल्यांनी साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प बघावेत. पण पगार बारा महिने की फक्त गाळपाच्या हंगामात, आणि हंगाम संपल्यावर रिटेन्शन (बंद काळात मिळणारा पगाराचा हिस्सा) किती टक्के, हे लेखी घ्या. या विभागातल्यांसाठी दोन परीक्षा उपयोगाच्या आहेत. पहिली बीओई, म्हणजे बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरची. दुसरी बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची: ऊर्जा व्यवस्थापकासाठी तीन पेपर, लेखापरीक्षकासाठी चार. दुसरा पेपर बॉयलर, वाफ आणि भट्ट्यांचा असतो, त्यामुळे अर्धा अभ्यास तुमचा नोकरीतच झालेला असतो.

आखातात जायचं असेल तर एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. त्याचं कायदेशीर सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटीपर्यंतच. करारात मूळ पगार किती ते वाचा, कारण यूएईत सेवा संपताना मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगारावर ठरते. भत्ते फुगवून मूळ पगार लहान ठेवला असेल तर तिथे नुकसान होतं.

‘आपण मिळून सोलरची एजन्सी काढू’

हे वाक्य अशा बैठकीत हमखास येतं. पहिल्या बैठकीत त्यावर निर्णय घेऊ नका. छतावरच्या सौर संचात काम शिकणं सोपं आहे, खरा अडथळा खेळत्या भांडवलाचा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, पण ते संच बसून, तपासणी होऊन मगच ग्राहकाच्या खात्यात जमा होतं. पॅनेल आणि इन्व्हर्टरचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतात. पाच-सहा घरं एकाच वेळी अडकली की चौघांची ग्रॅच्युइटी त्यात जाते आणि मैत्रीही ताणली जाते. करायचंच असेल तर आधी एकाने एखाद्या चालू विक्रेत्याकडे सहा महिने काम करावं, आणि भागीदारीचा करार वकिलाकडून लिहून घ्यावा.

कागद नोकरीत असतानाच जमवा

‘समाधानकारक काम केले’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र फार कामाचं नसतं. त्यात संचाची क्षमता, बॉयलरचा नोंदणी क्रमांक, तापपृष्ठाचं क्षेत्रफळ, वाफेचा दाब, किंवा इलेक्ट्रिकलच्या बाबतीत केव्ही आणि एमव्हीए, पद आणि दोन्ही तारखा हव्यात. बीओईचा अर्ज नेमका अशाच अपुऱ्या तपशिलांवर अडतो. कंत्राटदार प्रमाणपत्र देत नसेल तर गेटपास, सुरक्षा प्रशिक्षणाचं कार्ड, हजेरीची प्रत आणि पीएफच्या नोंदी एकत्र लावून ठेवा.

पुढची बैठक तीन महिन्यांनी, घरच्यांसह घ्या. दहावी-बारावीतलं मूल, जोडीदाराची नोकरी, गावाकडचे आई-वडील यांचा विचार तिथे होतो. प्रत्येकाने तोपर्यंत एक अट लिहून आणावी: ‘माझा संच सलग दोन महिने आरएसडीवर राहिला’, किंवा ‘नव्या टेंडरमध्ये माझी जागा नसली’, तर अमुक तारखेपासून अर्ज सुरू. आणि ज्याच्या हातात ऑफर आली आहे, त्याने राजीनाम्याआधी नोटीसचा कालावधी, क्वार्टर सोडायची मुदत आणि ना-देय प्रमाणपत्राला लागणाऱ्या सह्यांची यादी कार्यालयातून लेखी घ्यावी.