टर्नरच्या आभाळावरून अजिंक्यताऱ्याचा पाऊस रंगवताना

इंग्रज चित्रकार टर्नरचं १८४२ सालचं हिमवादळातल्या आगबोटीचं चित्र पहिल्या नजरेला रंगांचा नुसता भोवरा वाटतं. जरा थांबून पाहा. डोलकाठीमागे सगळ्यात प्रखर उजेड आहे आणि त्याला खेटूनच बोटीचा काळोख. बाकी सगळं या जोडीभोवती फिरतं. १८४४ च्या रेल्वेच्या चित्रातही पावसात सगळं विरघळलंय, ठसठशीत उरलंय ते इंजिनाचं काळं धुराडं. म्हणून जलरंगात पावसाचं आभाळ रंगवायचं तर ब्रश हातात घेण्याआधी पांढरा कागद कुठे राखायचा ते ठरवा.

साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटातून ही जागा आयती मिळते: अजिंक्यतारा किल्ल्यावरचा टॉवर. त्याला डोलकाठी समजा आणि उजेड त्याच्या मागे ठेवा. मात्र सर पाठीमागून, कासच्या बाजूने येते. बोर्ड झाकायला प्लास्टिक हाताशी हवं.

कागद ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कॉटनचा, ११ × १५ इंच. पावसाळ्यात कागदावरचं सायझिंग (पाणी लगेच आत मुरू न देणारा लेप) दमटपणाने मरतं. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच आत शिरून काळपट डाग उठला तर त्या कागदावर वॉश (पातळ रंगाचा सलग थर) बसणार नाही, ठिपके पडतील. रंग तीनच: यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन. थॅलो ब्लू नको. तो कागदात मुरतो, मग पुसून उजेड काढता येत नाही.

बोर्डाला थोडा उतार द्या आणि आभाळाचा सगळा भाग ओला करा. राखलेल्या जागेभोवती ऑकरचा अगदी पातळ वॉश द्या, मध्ये रंग नकोच. लगेच दोन भाग अल्ट्रामरीन आणि एक भाग सिएना असा करडा रंग पातळ ताकाएवढा करून कडेने गोलाईत सोडा. दुसरा हात सायीसारखा दाट, उजेडाच्या एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना सारखा काळोख दिला की भोवरा थांबतो, नुसतं भोक दिसतं.

आता खरी कसोटी. उन्हाळ्यात बघता बघता जाणारी ओली चमक पावसाळ्यात बराच वेळ टिकते, म्हणून घड्याळावर जाऊ नका. बोर्ड तिरका धरून डोळ्यांच्या पातळीला आणा. चमक जाऊन कागद मंद दिसू लागला की पिळलेला चपटा ब्रश ढगाच्या पोटातून तिरका खाली ओढा. तोच पावसाचा पडदा. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते रंगाला ढकलत नेतं आणि कडेला फुलकोबीसारखा डाग उठतो. तो ओला असताना घासू नका, चिखल होईल. पूर्ण वाळू द्या, मग ओल्या स्पंजने कड मऊ करा.

किल्ला शेवटी. वरची सपाट कड एका टोकाला स्पष्ट ठेवा, दुसऱ्या टोकाला स्वच्छ ओल्या ब्रशने ढगात विरघळवा. टॉवर एकाच बारीक रेघेत.

टर्नर जलरंगात खरवडून, पुसून उजेड काढायचा. तुम्हालाही पाण्यावरची चमक ब्लेडच्या टोकाने काढता येईल, पण कागद ठणठणीत वाळल्यावरच. ओल्या कागदावर चर पडते, तिच्यात रंग साचतो आणि उजेडाऐवजी काळी रेघ उमटते. हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर अजून ओल आहे.