जुन्या जीपची चासी घरी वेल्ड करताय? या चुका टाळा

महिंद्राची जुनी सीजे-थ्रीबी असेल तर सगळा भार चासीच्या, म्हणजे गाडीखालच्या सांगाड्याच्या, दोन लांब रेलवर असतो, आणि त्या बऱ्याच भागात उघड्या सी आकाराच्या, म्हणजे चिखल आत बसतो, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ नि मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे दोन रेल जोडणाऱ्या आडव्या तुकड्याला, गंज धरतो आणि एक दिवस तडा दिसतो. मग मशीन आणायचं आणि तड्यावरून रॉड ओढायचा, हे सगळेच करतात. महिन्याभरात वेल्डच्या कडेलाच नवीन तडा.

आधी तडा का गेला ते बघा. शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी, जाम आहे का, रिव्हेट ढिले झालेत का, पाटे दबून सपाट झालेत का. ते तसंच ठेवलं तर वेल्ड कितीही भारी मारा, टिकणार नाही.

दुसरं, गाडी एका कोपऱ्यात जॅक लावून वेल्ड करू नका प्लीज. चासी पिळलेली असताना टाका (जागा धरून ठेवणारा छोटा वेल्ड) मारला की ती तशीच वाकडी राहते, मग गाडी एका बाजूला ओढते आणि आपण अलाइनमेंटवाल्याला दोष देतो. चारी बाजूंनी स्टँडवर लेव्हलमध्ये घ्या, दोन्ही कर्ण टेपने मोजा, टाके मारल्यावर परत मोजा. गंजलेला तुकडा कापायच्या आधी आडवा अँगल टाक्याने जोडून ठेवा, नाहीतर रेल हलते.

आता तड्याचं. टोकाला तीन-चार मिमीचं भोक पाडा म्हणजे तो पुढे पळत नाही, मग ग्राइंडरने व्ही खाच काढून चकचकीत लोखंडापर्यंत साफ करा, तेव्हाच वेल्ड. वरून पट्टी लावायची तर चौकोनी नको, डायमंड आकाराची कापा, कारण सरळ उभी शिवण रेलच्या आडवी आली की सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. रेलच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा वेल्ड शक्यतो नकोच, तिथे ताण सगळ्यात जास्त असतो. आणि मजबुतीच्या नावाखाली अख्खी रेल बॉक्स करू नका, म्हणजे सी ची उघडी बाजू पट्टीने बंद करू नका! ही चासी थोडी पिळायलाच बनवलीय, एक भाग कडक केला की तडा बॉक्स संपतो तिथे जातो, शिवाय पाणी निघायला भोक नसेल तर आतून कुजते ते वेगळंच.

सलग ओढू नका, इंचभर इकडे, इंचभर तिकडे. ७०१८ नंबरचा वेल्डिंग रॉड पावसाळ्यात उघडा ठेवला की ओल धरतो, तसा वापरू नका. मिग (वायर नि गॅसवर चालणारं वेल्डिंग मशीन) असेल तर वाऱ्यात गॅस उडतो, वेल्डमध्ये भोकं पडतात.

जिवाचं सांगतो, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, रिकामी असली तरी, वाफच पेटते. बॅटरी काढा. अर्थची क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊ शकतो. ब्रेक क्लीनरने पुसून लगेच आर्क मारू नका, काहींमध्ये क्लोरीन असतं, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, कुठे ठिणगी धुमसत असेल तर कळेल.

चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर अजिबात नको. ५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज रजिस्ट्रेशन घ्यायचं असेल तर चासीत बदल केलेला चालत नाही, म्हणून कापाकापी करायच्या आधी आरटीओत विचारा आणि सगळे फोटो काढून ठेवा. वेल्ड थंड झाल्यावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) मारा, कोकणात तर रात्रभरही उघडं ठेवू नका.