जुलाब लागले तर घरात आधी कोणाकडे बघाल?

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोमचे, रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले. हातापायांतली ताकद जाणाऱ्या या आजाराआधी अनेकांना जुलाब झाले होते, आणि काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. नाव अनोळखी असलं तरी जिवाणू दुर्मीळ नाही. जागतिक आरोग्य संघटना त्याला जगभरातल्या जुलाबाच्या चार प्रमुख कारणांत धरते. त्याची लागण झालेल्या साधारण हजारांत एकाला जीबीएस होतो. म्हणजे घाबरायचं नाही, पण जपायचं.

आधी घरातली माणसं डोळ्यांपुढे आणा. पाच वर्षांखालची मुलं, कारण त्यांच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं. आजी-आजोबा, ज्यांना तहान लागलेली कळतच नाही. गरोदर बाई, मधुमेही, केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेले. आणि एक जण हमखास सुटतो: रोज सकाळी उपाशीपोटी पित्तासाठी पॅन्टोप्राझोलची गोळी घेणारा. जठरातलं आम्ल हा जिवाणूंना अडवणारा पहिला पहारेकरी, आणि ही गोळी त्यालाच झोपवते. मनाने बंद करू नका, पण अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा.

मग पाणी. गढूळ आलं किंवा टँकरचं असलं, तर खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळा. माठात पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा.

चिकन नळाखाली धुवू नका. हे आपल्याकडे कुणाला पटत नाही, मला ठाऊक आहे! पण उडालेले शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर बसतात, आणि ती कच्चीच पोटात जाते. चिकन आतपर्यंत शिजलं की जिवाणू मरतो, धुऊन मरत नाही. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा.

तरीही जुलाब लागलेच, तर ओआरएस. लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घालायचं, पेल्यात अर्धं-अर्धं नाही. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, घोट-घोट. अंगावरचं दूध, पेज, मऊ भात चालू ठेवा. मागच्या खेपेची उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर जुलाब थांबवायची गोळीही नको.

रक्त, जोराचा ताप, पाणीही न टिकणारी उलटी, खोल गेलेले डोळे, सहा-आठ तास लघवी नाही: यांतलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

पोट बरं झालं तरी पुढचे तीन-चार आठवडे जीबीएसच्या खुणांवर लक्ष ठेवा. पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना गुडघे दुमडू लागले किंवा गिळायला त्रास व्हायला लागला, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून टाळू नका. त्याच दिवशी इस्पितळात जा आणि आधी जुलाब झाले होते, हे आवर्जून सांगा.