फोनला टोन आहे, तरी मॉडेम म्हणतो ‘नो डायल टोन’

जळगाव. विंडोज ९८, ५६ के इंटर्नल मॉडेम (फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारं, कॉम्प्युटरच्या आत बसणारं कार्ड). कनेक्ट दाबलं की लगेच एरर ६८०. फोन उचलला तर टोन स्वच्छ.

ड्रायव्हर पुन्हा टाकला, कार्डाचा स्लॉट बदलला, वायर ‘फोन’च्या नव्हे तर ‘लाइन’च्या भोकात आहे हेही पाहिलं. फरक शून्य. डोकं पिकलं.

कारण असं की मॉडेम ठरावीक धाटणीचा टोन शोधतो. एक्स्चेंजचा टोन त्यात बसला नाही तर तो नंबर फिरवतच नाही. म्हणून त्याला टोनची वाट पाहू द्यायची नाही.

कंट्रोल पॅनल, मॉडेम्स, प्रॉपर्टीज, मग कनेक्शन टॅब. ‘वेट फॉर डायल टोन’वरची खूण काढा. खूण पुसट असेल, किंवा काढूनही एरर येत असेल, तर तिथेच अ‍ॅडव्हान्स्डमध्ये ‘एक्स्ट्रा सेटिंग्ज’च्या रकान्यात इंग्रजी एक्स आणि ३ जोडून लिहा. ओके करून पुन्हा डायल करा. माझं काम एक्स३ नेच झालं.

टोन उशिरा येणारी लाइन असेल तर एक्स३ लाच जोडून इंग्रजीत एस६=५ लिहा; मॉडेम ५ सेकंद थांबून नंबर फिरवतो.

मात्र आता घरात कुणी पॅरलल (त्याच लाइनवरच्या दुसऱ्या) फोनवर बोलत असलं तरी मॉडेम मध्येच नंबर फिरवणार. आधी विचारून घ्या.

पावसाळ्यात लाइन खरखरत असेल तर हा उपाय नाही. रोझेट (फोनची वायर जोडायची भिंतीवरची डबी) उघडून हिरवट झालेली तांब्याची टोकं खरवडा, स्क्रू आवळा. पण उघड्या तारेला हात नको, रिंग आली की चांगला झटका बसतो.