एमएचएला निघालेल्या गावच्या पोरांसाठी

मी याच वाटेने अमेरिकेला गेलेली, म्हणून मे महिन्यात देवगडला गेले की आमच्या पडवीत दोन-तीन आईबाप हमखास येऊन बसतात. यंदा वाडीतली एक वहिनी लेकाला घेऊन आली. मुलगा बीडीएस झालेला, अमेरिकेत मास्टर ऑफ हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशनला (एमएचए, म्हणजे हॉस्पिटलं चालवायचं शिक्षण) प्रवेश मिळालेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत बँकेचं कर्ज मंजूर झाल्याचं सँक्शन लेटर. पन्नास लाख. वहिनी म्हणाली, "हेका धाडूचा काय नको, तां तूच सांग गो." मी पेन मागितलं आणि त्या पत्राच्या पाठीवरच आकडे मांडायला बसले.

एजंट जो पगार दाखवतो तो खोटा नसतो. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकडेवारीत आरोग्यसेवा व्यवस्थापकांचा मध्यम पगार वर्षाला १,१७,९६० डॉलर आहे. निम्मे त्याच्या वर, निम्मे खाली. पण हे झाले व्यवस्थापक. त्यात पंधरा-वीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या, नर्सिंगमधून वर चढलेल्या बायाही आल्या. तुम्ही लागणार ॲनालिस्ट नाहीतर कोऑर्डिनेटर म्हणून. माझा पहिला पगार वर्षाला ४६ हजार डॉलर होता. मी २०११ मध्ये निघाले तेव्हा माझ्या एजंटने नेमकं हेच गाळलं होतं, आणि मीही मोहोर बघून पेट्या मोजल्या.

आता कर्ज. पन्नास लाख म्हणजे पन्नास लाख नव्हेत. शिकताना आणि नंतरचे सहा महिने, काही बँकांत वर्षभर, हप्ता नसतो. याला सगळे सवलत समजतात. व्याज मात्र पैसे कॉलेजला गेले त्या दिवसापासून चालू. साडेदहा टक्क्यांनी दर सेमिस्टरला साडेबारा लाख उचलले, तर हप्ते सुरू होईपर्यंत नऊ-साडेनऊ लाख व्याज चढतं. मग साठएक लाख दहा वर्षांत फेडायचे तर महिना ऐंशी हजार रुपये. डॉलरला नव्वद रुपये धरले तर नऊशे डॉलरला थोडे कमी. साठ हजार डॉलरच्या नोकरीत कर आणि विमा जाऊन हातात महिना चार हजारांच्या आसपास येतात. त्यातून भाडं, गाडी, शिवाय हे नऊशे. ओढाताण होते, पण जमतं. नोकरी असली तर. म्हणून माझा हिशेब सरळ आहे: कर्जाचा एकूण आकडा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या वर गेला की मी त्या कॉलेजवर फुली मारते, नाव कितीही मोठं असो.

कर्ज शक्यतो रुपयातच घ्या. डॉलर कमावणाऱ्याला रुपया घसरला की ते हलकं होतं. हमीशिवाय मिळणाऱ्या डॉलरमधल्या कर्जाला कागद कमी लागतात, पण परत येऊन रुपयांत फेडायची वेळ आली की दर घसरणीबरोबर हप्ता फुगतो.

तारणाचा गुंता आपल्याकडे जरा जास्तच. हापूसची बाग केवढीही असो, बँक शेतजमिनीला नाक मुरडते, कारण बुडीत कर्जाचं तारण बँकेला कोर्टाशिवाय विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ती जप्त करून विकता येत नाही. शिवाय सातबाऱ्यावर बारा नावं, निम्मी मुंबईत, एक आत्या वारलेली आणि वारसनोंद राहिलेली. शेवटी गाडी येते काकाच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर. तो लावण्याआधी काकूलाही विचारा. आमच्याकडे कुणी विचारलं नव्हतं. गणपतीत ती अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

पैशापेक्षा घाई करतं ते घड्याळ. पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, बारा महिने काम करता येतं, आणि त्यात एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. इंजिनिअरांना मिळते ती पुढची चोवीस महिन्यांची वाढ फक्त स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या, विषयांना असते. तेव्हा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद, हातात आल्यावर स्टेटसला टाकण्याआधी त्यावरचा सीआयपी कोड, म्हणजे अभ्यासक्रमाचा सरकारी क्रमांक, वाचा. ५१.०७०१, म्हणजे आपलं हेल्थकेअर ॲडमिनिस्ट्रेशन, स्टेमच्या यादीत नाही. हेल्थ इन्फॉर्मेटिक्सचा ५१.२७०६ आहे. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वर्षाला ८५,००० जागा, त्यांची लॉटरी. विद्यापीठाशी जोडलेली ना-नफा हॉस्पिटलं या मर्यादेबाहेर असतात. मी तशाच एका हॉस्पिटलात लागले म्हणून तरले, हुशारी काही नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली, त्यामुळे "परत जाऊ, मग तिथून बघू" हे मनातून काढून टाका.

जे येऊन पोचलेच आहेत त्यांनी पहिल्या आठवड्यातच ग्रॅज्युएट असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलंच अर्धवेळ काम, विचारत फिरावं. आपल्या विभागात नसेल तर दुसऱ्या विभागात, लायब्ररीत, कुठेही. तिने फी माफ झाली तर निम्मं कर्ज उचलावंच लागत नाही. वर्गातल्या अमेरिकन पोरांच्या सरकारी कर्जाच्या गप्पा ऐकून घ्या आणि सोडून द्या, ते आपल्याला मिळत नाही. फेलोशिपचे, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात पगारी उमेदवारी करायच्या जागांचे, अर्ज दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यापासूनच घेतात. अर्ज भरण्याआधी व्हिसा देणार का, ते विचारा. लाजू नका, नाहीतर वीस निबंध लिहून मग कळतं. आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, शिका. दाढेचं नाव तुम्हाला पाठ आहे, पण हॉस्पिटलातले क्वालिटी आणि रेव्हेन्यू सायकलवाले (बिलं आणि वसुली बघणारे) विचारतात ते डेटाचं.

वहिनीच्या लेकाला मी इतकंच करायला लावलं: कॉलेजला ईमेल. गेल्या दोन तुकड्यांतले परदेशी विद्यार्थी किती होते, पदवीनंतर सहा महिन्यांत त्यातले किती जण कुठल्या हुद्द्यावर, किती पगारावर लागले, किती जणांना व्हिसा मिळाला. त्याने "सरासरी पगार किती" असं लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. आमच्या पडवीत रेंज येत नाही, तेव्हा विहिरीच्या कठड्यावर जाऊन त्याने तो पाठवला. वहिनी तोवर सँक्शन लेटर घडी घालून परत पिशवीत ठेवत होती.